कापसावरचा डाग

४ फेब्रुवारी, बुधवार

आज टपालानं पेटी आली. साधं पांढरं लाकूड, झाकणावर एक अक्षर नाही. आत दहा सिगारी, प्रत्येकीला कोऱ्या कागदाची पट्टी, आणि एक चिठ्ठी : ‘परीक्षणासाठी. आमच्याकडे सहा माणसं काम करतात. दिवसाला दीडशेच्या वर वळत नाही.’ खाली एका बाईची सही. अक्षर शाळेतल्या बाईंसारखं वळणदार.

महिनाभर जो तो याच सिगारीबद्दल बोलतोय. मासिकाच्या संपादकांचे दोन फोन येऊन गेले, पेटी आली का म्हणून. यंदाची ‘वर्षातली निवड’ माझ्याच सदरातून जाहीर व्हायची आहे.

सकाळी चहा घेतला नव्हता, म्हणून लगेच बसलो. परीक्षणाच्या दिवशी दहापर्यंत कोमट पाणी आणि कोरडा पाव, बाकी काही नाही. ही म्हणते, एवढं पथ्य डॉक्टरांनी सांगितलं असतं तर एक दिवस पाळलं नसतं.

न पेटवता ओढून पाहिली : मनुका, नवं चामडं. पेटवल्यावर भाजलेली कॉफी. मध्यावर आल्यावर ओल्या लाकडाचा वास आणि जिभेच्या कडेला गोडवा. राख पांढरी, घट्ट, दोन बोटं लांब झाली तरी पडेना. एक तास दहा मिनिटं चालली. एकदाही विझली नाही, एका बाजूनं जळत गेली नाही.

त्र्याण्णव गुण. आणि पुढे प्रश्नचिन्ह.

प्रश्नचिन्ह अशासाठी, की सहा माणसांच्या कारखान्यातून अशी सिगार येत नाही. पंधरा वर्षं हे सदर लिहितोय, त्याआधी वीस वर्षं मोठ्या कारखान्यात पारखी होतो. असं पान मुरवायला माणूस लागतो, आणि तसली माणसं रस्त्यावर पडलेली नसतात. दुसऱ्या कुणाचा माल कोऱ्या पट्ट्या लावून पाठवला असणार. कुठेतरी पाणी मुरतंय.

५ फेब्रुवारी

हिला सांगितलं. ही म्हणाली, “चांगली आहे म्हणून चांगली लागली असेल.”

हिला या धंद्यातलं काही कळत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

दुसरी आणि तिसरी ओढली, तीन दिवसांचं अंतर ठेवून. तेच. इतकं तेच, की राग आला. हातानं वळलेल्या दोन सिगारींमध्ये काहीतरी फरक पडतोच.

शेवटच्या भागात तर माझं लक्षच उडालं. माल कुणाचा असेल याचीच यादी करत बसलो होतो.

मग चौथी तराजूवर घातली, मोजली, आणि ब्लेडनं उभी कापली. आतला भरणा लांब पानांचा, चुरा नाही. चार प्रकारची पानं, पैकी एक मी ओळखू शकलो नाही. तोंडाकडची टोपी सुरेख बसवलेली, फक्त कड नेहमीपेक्षा उलट्या बाजूनं मिटवलेली. दिखाऊपणा, दुसरं काय.

वरचं पान मात्र जवळजवळ काळं. इतकं काळं पान बघितलं की माझा हात आपोआप कापसाकडे जातो. ओला कापूस पानावर फिरवला. कापूस तांबूस झाला.

सापडलं! पान रंगवलेलं आहे.

ही युक्ती माझी स्वतःची. सोळा वर्षांपूर्वी कारखान्यात असताना काळ्या पानाच्या खोलीचा मुख्य होता एक डावरा. आम्ही सगळे त्याला डावऱ्याच म्हणायचो. मालकांसमोर मी असाच कापूस फिरवला आणि तांबूस डाग त्यांच्या हातात दिला. डावऱ्या काहीबाही बोलत राहिला, पण हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्याच दिवशी त्याला काढलं. मी ते मासिकात नावानिशी लिहिलं, त्यामुळे बाकी कुठल्या कारखान्यानं त्याला उभं केलं नाही. त्या लेखामुळेच मला हे सदर मिळालं. लोक आजही म्हणतात, याच्या नाकाखालून चोरी सुटत नाही.

११ फेब्रुवारी

कारखान्याच्या बाईंना फोन केला. आवाज तरुण, पस्तिशीचा असेल.

“पेटी मिळाली ना साहेब?”

“मिळाली. वळतं कोण तुमच्याकडे?”

“आम्ही सगळेच वळतो.”

“टोपी लावणारा हात एकच आहे. तो कुणाचा?”

मग म्हणाली, “आमच्या घरचे एक आहेत. वयस्कर.”

“शिकले कुठे?”

“कामातच शिकले.”

ताकास तूर लागू देत नव्हती. मी म्हटलं, येऊन बघतो. तर म्हणे, पुढच्या महिन्यात या, सध्या पानाचे ढीग उलटायचं काम चाललंय. पान उलटताना पाहुण्याला बंदी असते हे मी पहिल्यांदाच ऐकलं. फोन ठेवताना तिनं विचारलं, “आमची सिगार आवडली का तुम्हाला?” मी म्हटलं, ते मासिकात वाचा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

संपादक घरी येऊन गेले. चहा घेतला, खिडकीतून बाहेर बघितलं, आणि म्हणाले, “अंक अठ्ठावीसला छपाईला जातोय. लोकांना कुणीतरी छोटा जिंकलेला हवाय. फार खोलात जाऊ नका.”

फार खोलात जाऊ नका! पारख्याला हे सांगायचं म्हणजे विहीर खणणाऱ्याला सांगण्यासारखं आहे. यांचा यात काय संबंध? त्या बाईंनी मागच्या पानावर जाहिरात द्यायचं कबूल केलं असेल का? अंक काढून बघितला. मागच्या पानावर पेट्या बनवणाऱ्याची जाहिरात आहे. पुढच्या महिन्यात बघू.

आज पानाचा तुकडा कॉलेजातल्या जुन्या मित्राकडे पाठवला. तो कापडाच्या रंगांच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. त्याचा कागद हातात आला की मग तोंड उघडायचं. या वेळी नुसत्या कापसावर जाणार नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

न सांगता जाऊन धडकलो.

बसनं दीड तास, मग दहा मिनिटं पायी. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे लांबट पत्र्याची जागा, पूर्वी इथे लाँड्री होती म्हणे. भिंतीवर अजून इस्त्रीच्या टेबलांच्या खुणा आहेत. आत शिरताच तो वास आला : मुरणाऱ्या पानाचा, गरम, ओलसर, थोडा नाकात चढणारा. खरं सांगायचं तर दोन मिनिटं मी नुसता उभा राहिलो. मोठा कारखाना सोडल्यापासून हा वास इतका शुद्ध मला कुठे मिळाला नव्हता.

टेबलं चार. तीन टेबलांवर बायका वळत होत्या. चौथं खिडकीजवळचं, रिकामं. त्यावर अर्धवट वळलेली सिगार, वाफ निघणारा चहाचा कप, आणि सुरी टेबलाच्या डाव्या कडेला ठेवलेली. म्हणजे माणूस नुकताच उठून गेला होता. मला बघून.

कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, “अण्णांचा चहा निवतोय गं,” आणि बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की तिनं मान खाली घातली ती परत वर केली नाही. हा अण्णा कोण?

बाई उंच, सडपातळ. चेहरा कुठेतरी बघितल्यासारखा वाटला, पण इतक्या वर्षांत इतके चेहरे बघितलेत की हल्ली कुणालाही बघून तसं वाटतं.

“सांगितलं असतंत तर नीट दाखवलं असतं,” ती म्हणाली.

“सांगितल्यावर जे दिसतं ते बघायला मी येत नाही.”

तिनं पानाचे ढीग दाखवले. प्रत्येकाच्या पोटात तापमापक खुपसलेला. काळं पान तीन वर्षं मुरवतो म्हणाली. दर काही आठवड्यांनी ढीग मोडून आतलं बाहेर, बाहेरचं आत. वही दाखवली, त्यात प्रत्येक उलटण्याची तारीख. अक्षर तिचं नव्हतं, डावीकडे कललेलं होतं. मी विचारलं, रंग कुठला वापरता? तिच्या गालांवर रक्त चढलं.

“पाण्याशिवाय इथे काही वापरत नाही.”

“सगळे असंच म्हणतात.”

“सगळे,” ती म्हणाली. “तुम्ही किती जणांना विचारलंय साहेब?”

उद्धट. निघताना मागच्या बंद दाराआड कुणीतरी खोकलं. म्हाताऱ्या माणसाचा खोकला. मी थांबलो तशी बाई माझ्या आणि दाराच्या मधे येऊन उभी राहिली. ज्याला लपवायचं काही नाही तो दारात उभा राहत नाही.

१८ फेब्रुवारी

लेखाचा मसुदा तयार. मथळा : ‘रंगवलेल्या पानाची गोष्ट’. सुरुवात जुन्या प्रकरणापासूनच केली आहे, म्हणजे वाचकाला कळेल की हा हात कसलेला आहे.

जेवताना हिला वाचून दाखवला. एरवी ही मधेच उठून पाणी आणायला जाते. आज बसून सगळं ऐकलं. मग म्हणाली, “त्या डावऱ्याचं पुढे काय झालं हो?”

“मला काय माहीत?”

“मला माहीत आहे. गोदामावर पहारेकरी होता. नऊ वर्षं.”

मी घास खाली ठेवला. हिला कसं माहीत? तर म्हणे, बऱ्याच वर्षांपूर्वी दवाखान्याच्या बाकावर त्याची बायको शेजारी बसली होती. हिला ओळखून बसली होती. मुलीचं शिक्षण सुटलं म्हणून सांगत होती. भांडली नाही, नुसती सांगत होती. त्यानंतर वर्षभरात त्याची बायको गेली.

“आणि हे तू मला आज सांगतेस?”

“तेव्हा सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?”

“म्हणालो असतो, चोराच्या बायकोचं काय ऐकतेस.”

“म्हणून नाही सांगितलं.”

म्हणजे माझ्याच घरात इतकी वर्षं माझ्यापासून गोष्टी लपवल्या जातायत. आणखी काय काय लपवलं असेल, कोण जाणे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

केमिस्टचा फोन.

“तुझ्या पानात रंग नाही.”

“नीट बघितलंस?”

“तीन वेळा. बाहेरून लावलेलं काहीही नाही. जे आहे ते पानाचंच.”

“मग कापूस तांबूस कसा होतो?”

“अरे, इतकं मुरवलेलं पान ओलं केल्यावर रंग सोडणारच. तू चहा पितोस ना? चहाच्या पानाला कुणी रंग लावतं का?”

मी विचारलं, “तुला त्या कारखान्यातून कुणाचा फोन आला होता का?”

मग तो म्हणाला, “चाळीस वर्षांची ओळख आहे म्हणून हे ऐकलं नाही असं समजतो,” आणि फोन ठेवला.

मान्य, विचारायला नको होतं. पण प्रश्न मनात आला हेही खरं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

माझ्या कपाटात जुन्या परीक्षणांमधल्या सिगारी जपून ठेवलेल्या आहेत, प्रत्येक पेटीवर चिठ्ठी. त्यातून काळ्या पानाच्या सात काढल्या. सातही नावाजलेल्या कारखान्यांच्या. कधी कुणी बोट दाखवलं नाही अशा. त्यांतल्या दोनांना तर मी स्वतः नव्वदच्या वर गुण दिलेत.

सात कापसाचे बोळे, सात बशा, प्रत्येकीखाली चिठ्ठी.

पाच तांबूस झाले.

ही दारात येऊन बशांकडे बघून गेली.

२२ फेब्रुवारी

सोळा वर्षांपूर्वी मी कापूस फक्त त्याच्याच पानावर फिरवला होता.

हे वाक्य लिहून तासभर झाला. आता पुढचंही लिहितो, ही वही कुणी वाचणार नाही. त्याच्याच पानावर का? तर त्याच्या आदल्या आठवड्यात मालकांसमोर मी दोन पानांमध्ये गल्लत केली होती आणि डावऱ्यानं ती सगळ्यांदेखत सुधारली होती. हळू आवाजात, अदबीनं. म्हणूनच ते जास्त झोंबलं. मला वाटलं, याला माझी जागा हवी आहे. एकदा तसं वाटलं की मग त्याचं सगळंच तसं दिसायला लागलं. पान इतकं काळं कसं? खोलीची किल्ली स्वतःकडे का ठेवतो? सुतावरून स्वर्ग गाठला, आणि स्वर्गात पोचल्यावर कापूस काढला.

खोटं ठरवून काही केलं नव्हतं. मला खरंच वाटलं होतं. हे लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही.

सुरी डाव्या कडेला होती. टोपीची कड उलटी. वहीतलं अक्षर. मी सगळं टिपलं आणि शेजारी शेजारी ठेवलं नाही.

अण्णा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काल जाणार होतो, पाय निघाला नाही. आज गेलो.

बसमध्ये दीड तास डोक्यात एकच चाललं होतं : हा सापळा आहे. पेटी मुद्दाम मलाच पाठवली, मी पुन्हा रंग म्हणावं आणि तोंडघशी पडावं म्हणून. उतरेपर्यंत मला त्यांचाच राग यायला लागला होता. सवय वाईट.

बाई दारातच होती. मी विचारलं, “तुमचे वडील आहेत?” ती हलली नाही. आतून आवाज आला, “येऊ दे त्यांना.”

ते खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. सत्तरी उलटलेली, गाल बसलेले, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. हात मात्र तेच. डाव्या हातातली सुरी पानावरून अशी गेली, जशी पाण्यावरून जावी. त्यांनी मान वर केली नाही. हातातली सिगार पुरी केली, टोपी बसवली, अंगठ्यानं दाबली, साच्यात ठेवली. मग म्हणाले, “बसा.”

बसलो. पाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो. “तो कापूस चुकला,” एवढंच तोंडातून बाहेर पडलं.

“कापूस कशानं चुकेल?” ते म्हणाले. “त्यानं डाग दाखवला. रंग तुम्ही म्हणालात.”

वळणाऱ्या बायकांचे हात थांबले होते.

“त्या दिवशी मी सांगत होतो, शेजारच्या ढिगातलं पानही ओलं करून बघा. आठवतं?”

आठवत नाही म्हणता आलं असतं. “आठवतं,” म्हटलं.

त्यांनी मान हलवली, जणू बराच काळ अडलेलं एक काम झालं. मुलगी म्हणाली, “आई जाईपर्यंत लोकांना सांगत होती, यांनी रंग लावला नाही. शेवटी लोक तिला बघून रस्ता बदलायचे.”

“ते राहू दे,” ते म्हणाले.

“का राहू दे अण्णा?”

त्यांनी पुढचं पान उचलून टेबलावर पसरलं.

मग मी विचारलं, पेटी मलाच का पाठवली? सापळा हा शब्द जिभेवर होता, गिळला.

“मी नको म्हणत होतो. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी आत जाऊन बसलो, ते काही हौसेनं नाही. पण हिचा हट्ट. म्हणाली, बिननावाची पाठवू, नाक काय सांगतं ते बघू. माणूस बाजूला ठेवून एकदा तरी माझं काम कुणी ओढून बघावं, एवढंच होतं.” मग म्हणाले, “गुण किती दिलेत?”

“त्र्याण्णव.”

“जास्त आहेत.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते गंभीर होते. “शेवटच्या भागात कडवट होते. आतलं एक पान अजून सहा महिने मुरायला हवं होतं. मी हिला म्हणालो, थांब. ऐकते कुठे? एकोणनव्वद द्या फार तर.”

“अण्णा!” मुलगी म्हणाली.

“आहे ते आहे.”

तीन सिगारी ओढल्या आणि हा कडवटपणा मला लागला नव्हता. शेवटच्या भागात दर वेळी मी चोर शोधत होतो.

निघताना त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. “मला गुण नकोत. जिथे लिहिलं होतं तिथेच लिहा. तेव्हा माझं नाव घालून लिहिलं होतं, आताही घालूनच लिहा.”

“आणि मी माफी…”

“तिचं तुम्ही बघा. माझ्याकडे आत्ता नाही.”

बाहेर येऊन सायकलवाल्याच्या बाकावर बसलो. त्यानं विचारलं, पाणी हवंय का? हवं होतं.

२५ फेब्रुवारी

नवा लेख संपादकांना दिला. पानभर. जुनं प्रकरण, सात बशा, केमिस्टचा कागद, त्यांचं पूर्ण नाव, माझं पूर्ण नाव.

संपादकांनी वाचला, चष्मा काढला, परत घातला. “हे छापता येणार नाही. तुमच्या सदरावर लोक विश्वास ठेवतात. उद्या प्रत्येक जण म्हणेल, माझंही चुकलं असेल.”

“म्हणू देत.”

“त्यांना निवड देऊन टाका ना. त्र्याण्णव गुण, फोटो, सगळं. त्यांचंही भलं, आपलंही. जुनं कशाला उकरायचं?”

“एकोणनव्वद,” म्हटलं. “आणि निवड नको म्हणालेत.”

मग ते जरा पुढे वाकले. आवाज खाली आणला. “खरं सांगा. त्या लोकांशी तुमचं काही ठरलंय का?”

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. माणूस वाईट नाही, वीस वर्षांची ओळख आहे. पण त्यांच्या डोळ्यांत ते बारीक, चाचपणारं काहीतरी होतं. आतून बघितलं तर शहाणपण वाटतं ते, बाहेरून कसं दिसतं ते आज बघितलं.

“हे छापलंत तर हे माझं शेवटचं सदर,” मी म्हणालो. “नाही छापलंत तरी शेवटचंच.”

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, “बरं केलंत,” आणि बऱ्याच वेळानं, “आता सकाळी चहा घेत जा.”

१२ मार्च, गुरुवार

अंक आला. छापलंय. मधल्या पानावर, बारीक टाइपात, मथळा संपादकांनी बदलून ‘एक खुलासा’ केलाय. पण नाव आहे. दोन्ही नावं आहेत.

दुपारी बाईंचा फोन.

“अण्णांनी वाचलं. दोनदा.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, एक चूक आहे. जुन्या कारखान्यातलं ते पान दोन वर्षं मुरवलेलं होतं, तुम्ही तीन लिहिलंय.”

मी म्हटलं, पुढच्या अंकात दुरुस्त करायला सांगतो. ती हसली. पहिल्यांदाच तिचं हसणं ऐकलं. मग म्हणाली, “इकडे मात्र येऊ नका साहेब. अण्णांना त्रास होतो. तुम्ही येऊन गेलात त्या दिवशी जेवले नाहीत.”

“बरं.”

“मी काही रागानं नाही सांगत.”

“कळलं.”

तिनं आणखी एक सांगितलं. मोठ्या कारखान्यात त्यांच्या हाताखाली असलेले दोघे म्हातारे आज अंक हातात घेऊन आले होते. अण्णा त्यांना ढीग दाखवत फिरत होते, आणि त्यांचा आवाज इतका चढला होता की सायकलवाला बघायला आत आला. मला ती आणखी काही सांगेल असं वाटलं, पण तिला काम होतं.

१४ मार्च, शनिवार

दहाच्या सुमाराला फोन वाजला. म्हाताऱ्या बाईचा आवाज, ओळखीचा नाही.

“ते खुलासा लिहिणारे तुम्हीच ना?”

“हो.”

“आमच्याबद्दलही लिहिलं होतं तुम्ही. अकरा वर्षं झाली. यांना ऐकू येत नाही हल्ली, म्हणून मी बोलतेय.”

कुठलं गाव, कुठलं दुकान, तिनं सांगितलं. मी फोन धरून ठेवला आणि जुने अंक काढले. होय, लिहिलं होतं. साडेचार ओळी. ‘या दुकानात जुना माल नव्या पेटीत घालून विकला जातो.’ तेव्हा काय तपासलं होतं ते आठवून बघितलं. सिगार ओढली नव्हती. पेटी उघडली नव्हती. दुकानदार माझ्याकडे बघून गोंधळला, त्यावरून मी ओळखलं होतं.

“ते कुणाहीसमोर गोंधळतात हो,” ती म्हणाली. “लग्नात मलाही नीट हार घालता आला नव्हता त्यांना.”

पहिला विचार माझ्या मनात काय आला ते लिहून ठेवतो : आता जो तो उठून येणार, कशावरून ही खरं बोलतेय? दुसरा विचार यायला वेळ लागला. तोपर्यंत बाई पलीकडे थांबून होती. फोन तिनं ठेवला नव्हता.

“दुकान आहे अजून?” मी विचारलं.

“नाही. पण पेट्या आहेत. यांनी एकही टाकली नाही. म्हणतात, कुणीतरी बघायला येईल.”

मी पत्ता लिहून घेतला. उद्या सकाळी येतो म्हटलं. मग सगळे अंक काढून जेवणाच्या टेबलावर वर्षांप्रमाणे मांडले. एकशे ऐंशी भरले. ज्यांत कुणाबद्दल असं काही लिहिलंय ते बाजूला काढायला बसलो. संध्याकाळपर्यंत सात निघाले, आणि अजून सहा वर्षं बघायची आहेत.

ही दिवा लावायला आली तेव्हा टेबलावर हात ठेवायला जागा नव्हती. तिनं बाजूला काढलेला गठ्ठा उचलून वजन बघितल्यासारखा हातात धरला आणि परत ठेवला.

“उद्या मी येते बरोबर,” म्हणाली.

“तू कशाला?”

“तुम्ही एकटे गेलात तर पेट्या तपासत बसाल. कुणीतरी त्या माणसाशी बोलायला हवं.”

बस सातची आहे.